काकूंच्या मागचं चेंबर

गटारात गादी टांगणं हे माझं काम होतं. लग्नाच्या बोलणीत आमच्या लोकांनी 'मुलगा सरकारी लॅबमध्ये आहे' एवढंच सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात माझा निम्मा दिवस नागपूरच्या रस्त्यांवर, झाकण उघडलेल्या चेंबरपाशी उकिडवं बसण्यात जाई.

गादी म्हणजे जखमेवर लावतात त्या गॉजची जाड घडी. ती दोऱ्याने गच्च बांधायची, वाफेवर निर्जंतुक करायची आणि तारेला अडकवून गटाराच्या वाहत्या पाण्यात बुडेल अशी सोडायची. दोन-तीन दिवस वस्तीचं मैलापाणी तिच्यातून वाहत राहायचं. नुसतं बाटलीभर पाणी उचललं तर त्यात हवा तो जंतू येईलच असं नाही. गादी मात्र जे येईल ते अडवून धरते. मग ती चिमट्याने काढून रुंद तोंडाच्या बाटलीत टाकायची, सायकलच्या कॅरिअरवर बांधून लॅबमध्ये आणायची आणि तिच्यातून टायफॉइडचे, म्हणजे आमच्याकडे ज्याला मुदतीचा ताप म्हणतात त्याचे, जंतू वाढतात का ते बघायचं.

जिथल्या गादीत जंतू निघाला, तिथून पाण्याच्या उलट दिशेने वर जायचं. दोन नाल्या मिळतात तिथे दोन्हींत गादी टांगायची. जिच्यात निघेल ती धरायची, दुसरी सोडून द्यायची. असं करत करत शेवटी एखाद्या गल्लीच्या, आणि नशीब असेल तर एखाद्या घराच्या चेंबरपाशी पोचता येतं. त्या घरात एक माणूस असतो. त्याला स्वतःला काही होत नाही, पण रोग त्याच्या पोटात मुक्काम करून असतो आणि बाहेर पडत राहतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. तो हसतोबोलतो, कामाला जातो, लोकांच्या बारशाला जातो. त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही, आणि म्हणूनच आम्ही सगळ्यांकडेच बघत असू.

या कामाने मला संशयी केलं, असं म्हणून मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. लग्नाच्या मांडवात आचारी बुंदीचे लाडू वळत बसला असला की मी त्याच्यापाशी रेंगाळून तो मधेच उठून कुठे जातो ते बघायचो. बायको म्हणायची, "तुम्ही जेवायला आले की पंचनामा करायला?" आता वाटतं, काम निमित्ताला होतं. मला लोकांच्या घरातलं, त्यांना न विचारता, कळत होतं आणि ते मला आवडत होतं.

एका वर्षी उन्हाळा सरताना नंदनवनच्या अलीकडच्या एका वस्तीत ताप सुरू झाला. मी राहत होतो तीच वस्ती. आजारी पडणारी सगळी तरुण पोरं होती, खोली करून राहणारी. कोणी शिकायला आलेलं, कोणी नवीन नोकरीला लागलेलं. कुहीकडचा एक विद्यार्थी तर फारच अत्यवस्थ झाला. डॉक्टरांनी नेहमीच्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सुल दिल्या. तोवर या कॅप्सुलांनी चार-पाच दिवसांत ताप उतरत असे. या पोरांचा उतरेना.

त्यांचं रक्त आमच्याकडे आलं. जंतू वाढवलेल्या काचेच्या थाळीवर आम्ही औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि तिथे स्वच्छ गोल कडं उमटतं. या थाळीवर क्लोरॅम्फेनिकॉलच्या चकतीभोवती कडं नव्हतंच. जंतू तिला अगदी खेटून वाढले होते. आमच्या लॅबच्या मुख्य डॉक्टरांनी थाळी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि फिरवून फिरवून बघितली. दुसऱ्या राज्यांतून असं काही ऐकू येत होतं, पण आमच्या टेबलावर ते पहिल्यांदा आलं होतं.

"एक फायदा आहे," शेवटी ते म्हणाले. "हा ओळखता येईल. गटारात चकतीला खेटून वाढणारा सापडला, तर तो हाच समजायचा. शोधा."

पोरांना दुसरं, महागाचं औषध सुरू झालं आणि मी गाद्या बांधायला घेतल्या. माझ्याबरोबर आरोग्य निरीक्षक होता. माणूस पानाचा आणि गप्पांचा शौकीन. चेंबरच्या काठावर उभं राहून तो जगातल्या कुठल्याही विषयावर बोलू शकत असे. नाल्याच्या तोंडापासून आम्ही वर सरकत गेलो. माझ्या घराच्या गल्लीतल्या गादीत काही निघालं नाही.

"तुमच्या गल्लीचं पानी तं गंगाजल निघालं न साहेब!" निरीक्षक म्हणाला. "पेढे द्या आता."

मी हसलो. खरं सांगायचं तर मला अभिमानच वाटला. घरी जाऊन बायकोला आणि आईला सांगितलंसुद्धा. आई म्हणाली, "पान्याचं काय पाहतं गा, आपलं घरच चोखट हाय."

जंतू निघाला तो आमच्या मागच्या गल्लीत. आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून असलेल्या घराच्या चेंबरमध्ये. ते घर खानावळवाल्या काकूंचं होतं. आणि आजारी पडलेली सगळी पोरं काकूंकडेच जेवत होती.

"झालं!" निरीक्षक म्हणाला. "पोट्टे इथंच जेवतात, पानी इथंच खराब. आता काय बाकी राह्यलं? लावा कुलूप."

काकू विधवा होत्या, मागेपुढे कोणी नाही. नवऱ्याच्या माघारी त्यांनी पुढच्या पडवीत पाट मांडून जेवणं सुरू केली होती. लग्नाआधी कितीतरी वर्षं मी स्वतः त्या पाटावर बसून जेवलो होतो. ती खानावळ म्हणजेच त्यांचं सगळं होतं. ती बंद पडली तर त्यांनी काय करायचं याला माझ्यापाशीच काय, कोणापाशीच उत्तर नव्हतं. आणि कुलूप लागायचं की नाही, हे आता माझ्या थाळ्यांवर ठरणार होतं.

आम्ही गेलो तेव्हा त्या मेथी निवडत बसल्या होत्या.

"काहून गा, आज इकडे? बायको माहेरी गेली का?" त्या मला म्हणाल्या. "बस. पोळ्या व्हाच्या आहेत."

"जेवाले नाही आलो बाई, तपासाले आलो," निरीक्षक म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. काकू ऐकत राहिल्या. मेथीची काडी त्यांच्या बोटांत तशीच होती.

"घरी कोन कोन राहते?"

"मी एकटी. भांडेवाली येते, ते तिच्या घरी जाते."

"संडासाले? बाहेरचं कोनी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. निरीक्षकाकडे नाही, माझ्याकडे. क्षणभर थांबल्या आणि मग म्हणाल्या, "पोट्टे जेवतात अन् जातात. बाहेरचं कोनी नाही."

ती नजर मी घरी घेऊन आलो. माझ्या मते ती अपराध्याची नजर होती. ओळखीच्या माणसाकडे 'सांभाळून घे' म्हणून बघतात तशी. मी मनाशी म्हटलं, नाही सांभाळून घेणार. कामात ओळख आणायची नाही. किती प्रामाणिक होतो मी!

त्यांचा नमुना घेतला. शौचाचा नमुना, डबीतून. त्यात काही निघालं नाही. पुन्हा घेतला, पुन्हा काही नाही. भांडीवालीचाही घेतला; तिच्यातही नाही. आणि मागच्या चेंबरमधल्या गादीत मात्र तोच जंतू, चकतीला खेटून.

आता हे समजून घ्यायला हवं की, वाहकाच्या पोटातून जंतू रोज बाहेर पडतोच असं नसतं. एकदा नाही निघाला, दोनदा नाही निघाला, म्हणून तो माणूस सुटत नाही. त्यामुळे काकूंचा नमुना चांगला आला तरी तो त्यांच्या बाजूने धरता येत नव्हता. आणि मी तर त्यापुढे गेलो. मी डॉक्टरांना म्हणालो, "सर, डबीत दुसऱ्या कोणाचं घालून देत असतील. कोणी बघायला थोडंच असतं?"

"शक्य आहे," ते म्हणाले. "मग नर्स पाठवा. समोर घ्यायला सांगा."

मी नर्सला घेऊन गेलो. मी अर्थातच पुढे पडवीत थांबलो. मागच्या आंगणातल्या संडासाचं दार उघडं ठेवून, एका परक्या बाईसमोर बसून काकूंना नमुना द्यावा लागला. शेजारच्या दोन बायका भिंतीवरून डोकावत होत्या, हेही मला कळलं, कारण त्यांचं हसू ऐकू आलं. काकू बाहेर आल्या त्या माझ्याजवळून गेल्या. हातपाय धुतले, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "झालं का समाधान, साहेब?"

तोवर त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

तो नमुनाही चांगला आला. तरी खानावळ तात्पुरती बंद करण्याचा आदेश निघाला. आणि खानावळ बंद झाल्यावर नवीन ताप येणं थांबलं. वस्तीला याहून जास्त पुरावा नको होता. पानठेल्यावर लोक आम्हीही कुठे शिकलो नव्हतो अशा गोष्टी सांगू लागले. म्हणे बाई पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात हात बुडवायची. म्हणे तिच्या नवऱ्यालासुद्धा असाच ताप आला होता. मी हे ऐकत पान खाऊन निघून यायचो. चूक आहे असं म्हणत नव्हतो, कारण मलाही चूक वाटत नव्हतं.

पण गादीत जंतू येतच होता. घरात एकटी बाई, तिचा नमुना नर्ससमोर घेतलेला, आणि तरी रोज कुठून येतो? मला नवीन शंका आली. काकूंनी कोणाला तरी लपवलंय. एखादा भाऊ, भाचा, कोणीतरी आजारी माणूस. आतल्या खोलीत.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचं मागचं आंगण दिसायचं. एका संध्याकाळी मी बायकोपाशी पाट ओढून बसलो.

"तुला इथून काकूंचा संडास दिसतो ना?"

"दिसते. छान देखावा आहे."

"थट्टा नको. दोन-चार दिवस नजर ठेव. काकूंशिवाय तिथे कोण जातं, ते मला सांगायचं."

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"नजर कशाला ठेवायची," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"कोण?"

"चिडणार नसाल तर सांगते."

"सांग ना."

"आई जातात."

"कोणाची आई?"

"माझी तर नाही येत अमरावतीहून," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

मी ते घर भाड्याने घेतलं होतं ते आईसाठीच. गावी, नरखेड तालुक्यात, तिला सगळा जन्म लोटा घेऊन बाहेर जावं लागलं होतं. तिचे गुडघे दुखू लागले, म्हणून घरात फ्लशचा संडास असलेलं घर मी शोधलं. घरमालकाने तो नवीन बांधून दिलेला, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. त्याच भिंतीवर अलीकडून देवांचा फळीचा देव्हारा. पहिल्याच दिवशी आई म्हणाली होती, "देवाच्या भिंतीले लागून हे? मी नाही बसत बाप्पा तिथी." मी हसलो होतो. होईल सवय, म्हटलं. मग तो विषय निघाला नाही. आमच्या घरांत मुलगा आईला अशा गोष्टी विचारत नाही आणि आई मुलाला सांगत नाही. साऱ्या वस्तीचं मैलापाणी कुठून निघून कुठे जातं हे मला पाठ होतं. माझी आई सकाळी कुठे जाते हे मला ठाऊक नव्हतं.

"काकूंचा संडास घरापासून दूर आहे, आंगणाच्या टोकाला," बायको म्हणाली. "तिथे चालतं त्यांना. मागच्या भिंतीत फट आहे ना, तिथून जातात, पहाटे, पदर घेऊन. आणि फुकट कसं जायचं दुसऱ्याच्या घरी? म्हणून काकूंचं ताक घुसळून देतात. खानावळ चालू होती तोवर रोज. केवढी मोठी रवी आहे तिथे. खूश असायच्या. इथे मी कुठे काही करू देते, असं म्हणायच्या."

ताक. पोरांना जेवताना मिळणारं ताक. पोळ्या तव्यावरून उतरतात, वरण उकळतं. ताकाला आच लागत नाही.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं का? आणि सांगितलं असतं तर म्हणाले असते, सून सासूच्या चुगल्या करते."

माझ्याच घरात ताप का आला नाही, याचं उत्तर मला तिथेच बसल्या बसल्या मिळालं. स्वयंपाक बायकोच्या हातचा. आणि लॅबमुळे मी नि ती दरवर्षी लस टोचून घेत होतो. आईने मात्र "मले नाही लागत सुई" म्हणून नेहमी टाळली होती. आणखीही एक आठवलं, ते न आठवतं तर बरं झालं असतं. दोन-तीन वर्षांपूर्वी गावी तिला मोठा ताप आला होता. क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सुल मीच एसटीने घेऊन गेलो होतो. ताप उतरल्याबरोबर तिने त्या बंद केल्या आणि उरलेल्या डब्यात जपून ठेवल्या. मग पोटात दुखलं की एक, मळमळलं की एक. संपल्या की म्हणायची, "तुह्या त्या गोळ्या आन गा, लय गुणकारी हायेत." आणि मी, लॅबमध्ये चकत्यांभोवतीची कडी मोजणारा माणूस, आणून देत होतो. आईच ती. तिला बरं वाटत होतं.

पुढे मी डॉक्टरांना विचारलं की या तुटक-तुटक कॅप्सुलांमुळेच तिच्या पोटातला जंतू औषधाला सरावला का. "नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण औषधाला हरवायला शिकवायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पोटदुखीची तपासणी म्हणून आईचा नमुना घेतला. थाळीवर जंतू वाढले. क्लोरॅम्फेनिकॉलची चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थाळी उघडली, आणि कडं नव्हतं.

"तुमच्या आईंचं नाव बाहेर जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "वाहकाचं नाव आपण कधीच सांगत नाही. 'उगम दुसरीकडे सापडला' एवढं कळवू. त्या बाईंची खानावळ उघडेल."

मला किती हलकं वाटलं, हे लिहायची लाज वाटते. मी सायकलवर शीळ घालत घरी आलो.

खानावळ उघडली. काकूंनी पडवी सारवली, पाट मांडले, वरणभात शिजवला. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली आणि तिसऱ्या दिवशी त्यांतलंही एक आलं नाही. मी पानठेल्यावर उभा होतो.

"उगम दुसरीकडे सापडला म्हंते," एक जण म्हणाला. "कुठी सापडला? नाव सांगा न मग!"

"नाव काहून सांगन? पैसे खिलवले असन बाईनं कोनाले तरी."

"अन् ताप थांबला कधी? खानावळ बंद झाल्यावरच न?"

निरीक्षक तिथेच होता. त्याला आईचं माहीत नव्हतं. माझ्या कानाशी येऊन तोही म्हणाला, "साहेब, खरं सांगा, वरून कोनाचा फोन आलता का?"

पाट भिंतीला टेकवून ठेवलेले मला खिडकीतून दिसायचे. काकू संध्याकाळी उरलेला भात गाईला घालायच्या. मला कळत होतं की दुसरं नाव सांगितल्याशिवाय काकूंचं नाव सुटणार नाही. वस्तीला रिकामी जागा चालत नव्हती. तरी मी बरेच दिवस गप्प राहिलो. आई अजून काकूंच्या आंगणात जात होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं; फक्त ती संडासाला नेई त्या बादलीत जंतुनाशक टाकायला बायकोला सांगून ठेवलं होतं. यालाच मी खबरदारी म्हणत होतो.

शेवटी आईला सांगितलं. ती आधी हसली.

"मी? मी दोन येळा आंग धुतो गा. माह्या हातचा नैवेद्य देव खाते."

"आई, जंतू डोळ्यांना दिसत नाही. तुझा दोष नाही यात."

"दोष नाही तं सांगून कायले राहिला?" मग ती थांबली. तिचा आवाज खाली आला. "हे पाय. ते डबडं तुह्या बायकोच्या हाती दिलं होतं मी. तिनं बदललं असन. तिले मी नको हावो या घरी."

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. मी आईकडे बघत राहिलो. काकू दुसऱ्याचं घालून देत असतील, हे मी डॉक्टरांना किती सहज म्हणालो होतो.

"आई, मी खानावळीत सांगणार आहे. काकूंचं पोट त्यावर आहे."

"अन् माहं तोंड?" ती म्हणाली. "गल्लीत नाव घेशीन माहं, तं मी या घरचं पानी नाही पेनार."

त्याच आठवड्यात भाऊ गावाहून आला आणि एसटीने तिला घेऊन गेला. भावाला सगळं समजावून दिलं. ताक, दही, चटणी, काही करू द्यायचं नाही. पुढे थंडीत तिच्या पित्ताशयात, म्हणजे हा जंतू जिथे दडून राहतो तिथेच, खडे निघाले, ते पित्ताशय काढलं, आणि त्यानंतरच्या नमुन्यांत जंतू आला नाही. गावात तिने खड्यांचंच सांगितलं. माझ्या घरी ती पुन्हा राहायला आली नाही. आली तरी उभ्या उभ्या, आणि बायकोने पाणी दिलं तर "आत्ताच पेली" म्हणायची.

आई गेली त्याच दुपारी मी काकूंकडे गेलो. त्या पडवीत एकट्या बसल्या होत्या.

"काकू, माझ्या आईच्या पोटात निघाला तो जंतू. तुमचा काही संबंध नव्हता."

"असं," त्या म्हणाल्या.

"ती तुमच्याकडे येत होती हे तुम्ही निरीक्षकाला का नाही सांगितलं?"

"तुमच्याकडे पाह्यलं होतं न मी तेव्हा," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमची माय आहे, तुम्ही सांगा. तुम्ही नाही बोलले. मंग ते नर्स आनली. तेव्हा मले समजलं, मायले झाकाले माह्यावर टाकून राहिले म्हणून."

माझा संशय त्यांच्यावर होता तेवढा सगळा काळ त्यांचा माझ्यावर होता; आणि त्यांच्या संशयाला माझ्यापेक्षा जास्त आधार होता.

"मला ठाऊक नव्हतं, काकू. खरंच नव्हतं."

"घराच्या मागून माय रोज येते, अन् लेकाले ठाऊक नाही?"

"तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी सांगायचं. डॉक्टरांना."

"कोनाच्या हातून? तुमच्याच न? चोरापाशीच चोरीची तक्रार कराची?"

रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला, मी पुन्हा गेलो. पाच-सहा पोरं होती. अर्धी जेवायला आलेली, अर्धी बघायला. त्यांत तो कुहीचा मुलगा होता. अजून गालफडं बसलेली, केस गळलेले. पानठेल्यावरचे दोघे-तिघेही, मी बोलावलं म्हणून, ओट्याशी येऊन उभे राहिले होते. मी सांगितलं. माझी आई, ताक, मागचा संडास, कॅप्सुल. काकूंचा नमुना प्रत्येक वेळी चांगला होता, हेही. नर्ससमोर घेतलेलाही, आणि नर्स आणायची कल्पना माझी होती.

ठेल्यावरचा एक जण म्हणाला, "म्हंजे काकूचं वरण साफ, अन् ताक तुमच्या घरचं?"

"हो."

"मंग हे पहिलेच सांगाले काय झालतं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

तो शेजारच्याकडे बघून हसला. कुहीचा मुलगा हसला नाही. तो आत येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "काकू, वाढा. पन ताक नको, बावा."

त्यावर मात्र सगळे हसले, आणि दोघे-तिघे अजून बसले. महिन्या-दोन महिन्यांत पडवी पुन्हा भरू लागली. सगळी जुनी पोरं आली नाहीत, पण नवीन आली. नव्यांना काही ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी मीही बसलो. काकूंनी माझ्यापुढे ताट ठेवलं, सगळ्यांना वाढलं तसंच मला वाढलं. कमी नाही, जास्त नाही. पोरांच्या बोलण्याचा गलबला सुरू झाला होता. त्या वरणाचं भांडं घेऊन माझ्यापाशी वाकल्या, तेव्हा मी हळूच म्हणालो, "काकू, तुम्हाला तरी पटतं ना? मला खरंच ठाऊक नव्हतं."

त्यांनी भातावर वरण घातलं.

"असन," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या ताटाकडे सरकल्या.